ऑइल पिणारी जुनी गाडी : इंजिन करावे, तशीच चालवावी की मोडीत काढावी?

गुहागर तालुक्यातील आमच्या घरी २००७ साली पासिंग झालेली चार सिलिंडरची एक पेट्रोल गाडी आहे. २०२१ च्या पावसाळ्यानंतर ती ऑइल पिऊ लागली आणि पुढचे सात-आठ महिने आमच्या गॅरेजच्या फेऱ्या सुरू राहिल्या. पहिल्या गॅरेजमध्ये धूर पाहताक्षणी हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली झिरपू न देणारी सील) बदलण्यात आले. दीड महिन्यात धूर परतला. खरा दोष पिस्टनच्या रिंगांमध्ये होता, हे नंतर दुसऱ्या ठिकाणी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तो दाब) मोजल्यावर कळले आणि तेच हेड पुन्हा उतरवावे लागले. हेड गास्केट (हेडखालचा जोड बंद ठेवणारा पातळ थर), कूलंट आणि मजुरी हे तिन्ही खर्च आम्ही दोनदा केले. इंजिन करावे, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदलावेत, की नाही हे ठरवताना ज्या क्रमाने आम्ही सुरुवातीलाच जायला हवे होते, तो क्रम पुढे दिला आहे. बारा ते वीस वर्षांच्या चारचाकी गाड्या डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला असून कोकणातील दमट, खारी हवा त्यात जागोजागी विचारात घेतली आहे, कारण इथे गाडीचे आयुष्य इंजिनापेक्षा पत्र्यावर जास्त अवलंबून असते.

हाताशी काय असावे

एक वही, स्वच्छ फडके, मिलिलिटरच्या खुणा असलेला मग, गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचे एक-दोन लिटर ऑइल, जाड पुठ्ठा, चांगली बॅटरी (टॉर्च), लोहचुंबक आणि जुना स्क्रू ड्रायव्हर एवढे पुरेसे आहे. कॉम्प्रेशन गेज गॅरेजमध्ये असते. ते त्यांच्याकडे आहे का, हे गाडी नेण्यापूर्वी फोन करून विचारावे. कागदपत्रांपैकी आरसी, विमा, पीयूसी, कर्ज फेडले असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला आणि तुमचे आधार व पॅन एका पिशवीत काढून ठेवावे.

१. धुराकडे पाहण्याआधी ऑइल मोजा

“गाडी खूप ऑइल खाते” या वाक्यावर कोणताही निर्णय घेता येत नाही. किती किलोमीटरला किती मिलिलिटर, हा आकडा हवा. त्यासाठी सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, गाडी सपाट जागेवर उभी असताना डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून पातळी पाहावी आणि वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरावे. त्या वेळचे किलोमीटर वहीत लिहावेत. ५०० किलोमीटर झाल्यावर त्याच जागी, तशाच थंड इंजिनावर पातळी पाहावी आणि वरच्या खुणेपर्यंत येण्यास मगाने मोजून किती ऑइल लागले ते लिहावे. असे किमान दोनदा करावे.

इथे सपाट जागेचा आग्रह उगाच धरलेला नाही. आपल्या घरासमोरच्या खळ्याला पावसाचे पाणी निघून जावे म्हणून उतार दिलेला असतो, आणि त्या उतारावर उभ्या गाडीची डिपस्टिक सहज चुकीची पातळी दाखवते. आमच्या पहिल्या दोन नोंदी याच कारणाने फेकून द्याव्या लागल्या. शाळेच्या मैदानाजवळचा सपाट सिमेंटचा तुकडा आम्ही पुढे कायमचा ठरवून टाकला.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बाजारापर्यंत तीन-चार किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापत नाही. त्यामुळे थोडे पेट्रोल आणि बाष्पाचे पाणी ऑइलमध्ये मिसळत राहते व पातळी टिकून असल्यासारखी दिसते. मग एखाद्या दिवशी मुंबईपर्यंतचा प्रवास घडला की मिसळलेले पेट्रोल व पाणी उडून जाते आणि “एका फेरीत अर्धा लिटर ऑइल गेले” असे वाटते. म्हणून दोन नोंदींपैकी एक तरी लांबच्या, सलग प्रवासातली असावी.

आकडा हाती आला की त्याचा अर्थ लावता येतो. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १,००० किलोमीटरला १ लिटरपर्यंत ऑइल जाणे चालण्याजोगे मानलेले असते, पण व्यवहारात ती मर्यादा फार सैल आहे. माझ्या मते १,००० किलोमीटरला ३०० मिलिलिटरपेक्षा कमी ऑइल जात असेल, तर जुन्या इंजिनाला हात लावू नये. ३०० ते ७०० च्या दरम्यान असेल, तर पुढचा चौथा टप्पा पूर्ण करून सहा महिने नोंदी ठेवाव्यात. लिटरच्या जवळ किंवा त्यापुढे असेल, किंवा दर महिन्याला आकडा वाढत असेल, तर मात्र निर्णय लांबवू नये. आमच्या गाडीला ५०० किलोमीटरला ६०० मिलिलिटर लागत होते, म्हणजे १,००० किलोमीटरला १.२ लिटर.

२. गळती आणि जळणे यांतला फरक ओळखा

ऑइल कमी होते म्हणजे ते जळतेच असे नाही. रात्रभर इंजिनाखाली पुठ्ठा ठेवावा आणि सकाळी डाग पाहावेत. पुठ्ठा कोरडा असला तरी टॅपेट कव्हरचे (हेडवरच्या झाकणाचे) गास्केट, ऑइल फिल्टरची बैठक, चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) जोड, क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) पुढचे-मागचे ऑइल सील आणि ऑइल प्रेशर स्विच या जागा बॅटरी मारून पाहाव्यात, कारण काही गळत्या गाडी चालतानाच होतात आणि ऑइल वाऱ्याने मागे पसरते. तांबड्या मातीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हे ओळखणे सोपे जाते. ऑइल लागलेल्या जागी धूळ चिकटून तिचा जाड लेप बसतो. आधी इंजिन धुऊन घेतले आणि शंभरएक किलोमीटरनंतर पाहिले, तर लेपाची सुरुवात नेमकी कुठून होते ते कळते. टॅपेट कव्हरचे गास्केट बदलणे हे तासाभराचे काम आहे. त्यासाठी इंजिन उघडण्याचा विषयही निघू नये.

३. धुराचा रंग आणि वेळ नोंदवा

ऑइल जळते तेव्हा धूर निळसर असतो आणि त्याला करपलेल्या तेलाचा वास येतो. काळा धूर जादा इंधनाचा असतो. सकाळी थोडा वेळ दिसणारा पांढरा धूर बहुधा सायलेन्सरमधल्या पाण्याची वाफ असते, पण गरम इंजिनावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गास्केट तपासावे.

रंगापेक्षा वेळ जास्त सांगून जाते. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळ्या धुराचा एक लोट येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर जातो, कारण रात्रीत हेडमधले ऑइल सीलमधून खाली झिरपलेले असते. घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो आणि गाडी गिअरवर रोखलेली असते. अशा वेळी पेट्रोल इंजिनात ओढ वाढते आणि खराब सील व गाइडमधून (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीतून) ऑइल सिलिंडरमध्ये खेचले जाते. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागे निळा पडदा दिसला, तर ही खूण समजावी. याउलट चढावर, भार असताना, सतत धूर येत असेल तर रिंगा आणि बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ती सिलिंडरची पोकळी) यांच्याकडे पाहावे. हे आरशात नीट दिसत नाही; मागच्या गाडीत घरच्या कोणाला तरी बसवावे.

डिझेल गाडीत टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असेल तर ऑइल टर्बोच्या सीलमधूनही जाऊ शकते. एअर फिल्टरकडून टर्बोकडे आणि टर्बोकडून इंजिनाकडे जाणारे पाइप काढून आत ओले ऑइल साचले आहे का ते पाहावे. इथे एक गंभीर इशारा द्यायला हवा. टर्बोचे सील पूर्ण गेले किंवा रिंगांमधून फार ऑइल वर येऊ लागले, तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी गाडी मॅन्युअल गिअरची असल्यास ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पाडावे आणि माणसांना दूर करावे. असा प्रकार एकदा जरी घडला, तरी ती गाडी टोइंग करूनच गॅरेजला न्यावी.

४. स्वस्त कारणे आधी संपवा

चुकीच्या ग्रेडचे, फार पातळ ऑइल भरलेले असणे. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरणे. ब्रीदरचा पाइप किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह (दोन्ही इंजिनाच्या आत साचणारा वायू बाहेर काढतात) काजळीने बंद होणे. आणि ऑइल बदलण्याची मुदत टळलेली असणे, या चारही गोष्टींनी ऑइलचा खप वाढतो आणि चारही गोष्टी इंजिन न उघडता दुरुस्त होतात. पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला की क्रँककेसमधला (क्रँक फिरतो त्या पोकळीतला) दाब वाढतो आणि ऑइल वाट मिळेल तिथून बाहेर पडते. तो साफ करावा किंवा बदलावा. मॅन्युअलने परवानगी दिलेल्या ग्रेडांपैकी थोडा घट्ट ग्रेड वापरून पाहण्यास हरकत नाही, मात्र त्या मर्यादेबाहेर जाऊ नये.

आपल्याकडे एक कारण खास आढळते आणि ते म्हणजे उभी गाडी. चाकरमानी मंडळींची गाडी गणपती आणि शिमगा सोडला तर गावच्या शेडमध्ये उभी असते. दमट हवेत बोअरवर गंजाचा पातळ थर चढतो आणि ऑइल रिंगांच्या खाचांत काजळी घट्ट होऊन रिंगा जाम होतात. अशा इंजिनात झीज कमी आणि जाम जास्त असू शकते. प्लगच्या भोकांतून रिंगा मोकळ्या करणारे द्रावण सोडून रात्रभर ठेवणे, नंतर प्लग काढलेल्या स्थितीतच इंजिन फिरवून द्रावण बाहेर काढणे आणि लगेच ऑइल व फिल्टर बदलणे, हा उपाय अशा गाडीवर करून पाहण्यासारखा आहे. प्लग लावूनच सेल्फ मारला तर सिलिंडरमध्ये अडकलेल्या द्रवामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, म्हणून हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

इथला सापळाही सांगतो. ऑइलमध्ये घालायची “धूर बंद” औषधे ऑइल तात्पुरते घट्ट करतात. दोष तसाच राहतो आणि तुमच्या वहीतले आकडे मात्र बिघडतात. गाडी विकताना धूर लपवण्यासाठीही तीच वापरली जातात. तसेच फार गाळ साचलेल्या इंजिनात जोरदार फ्लश (आतून धुणारे द्रावण) घातल्यास सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकून प्रेशर जाऊ शकते. त्यापेक्षा चेंबर उतरवून जाळी धुणे अधिक सुरक्षित आहे.

५. कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय हेड उतरवू देऊ नका

आमची चूक नेमकी इथे झाली. कॉम्प्रेशन मोजायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि त्याचा खर्च हेड गास्केटच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो. इंजिन गरम असावे, सगळे प्लग काढलेले असावेत, इंधन आणि इग्निशन बंद करून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा, गाडीची बॅटरी पूर्ण चार्ज असावी आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे द्यावेत. पेट्रोल इंजिनात आकडे साधारणपणे १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान येतात. डिझेलमध्ये ते याच्या दुपटीहून अधिक असतात आणि त्यासाठी वेगळे गेज लागते. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी आकड्यांतला फरक दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे गेला, तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये दोष आहे असे समजावे.

मग ओली चाचणी करावी. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा लक्षणीय वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. आकडा तेवढाच राहिला तर हवा व्हॉल्व्हमधून किंवा गास्केटमधून जाते. आमच्या गाडीत १६५, १६०, १२० आणि १५५ असे आकडे आले. तिसऱ्या सिलिंडरमध्ये ऑइल सोडल्यावर १२० चे १५० झाले. पहिल्या गॅरेजमध्ये ही चाचणी झाली असती, तर व्हॉल्व्ह सीलसाठी हेड उतरलेच नसते.

एक अपवाद लक्षात ठेवावा. कॉम्प्रेशन रिंगा चांगल्या असून खालची ऑइल रिंग जाम झाली असेल, तर कॉम्प्रेशन उत्तम येते आणि तरीही गाडी ऑइल पिते. अशा वेळी प्लग पाहावेत. सगळेच प्लग ओले-काळे आहेत की एखादाच, यावरून पुढची दिशा ठरते. चाचणीचे आकडे कागदावर लिहून मागावेत आणि जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने स्वतःकडे ठेवावेत.

६. इंजिनाच्या खर्चाआधी गाडीचे अंग तपासा

किनाऱ्यावरच्या गाड्यांसाठी हा टप्पा मी सगळ्यांत महत्त्वाचा मानतो. मालवणच्या माझ्या मेहुण्यांची डिझेल गाडी समुद्रापासून दोनशे पावलांवर उभी असे. इंजिनाच्या कामाचे अंदाजपत्रक घेऊन झाल्यावर गाडी लिफ्टवर चढवली, तेव्हा मागच्या स्प्रिंगच्या बैठकीजवळ चॅसिसमध्ये (गाडीच्या सांगाड्यात) स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. नवे इंजिन घातले असते तरी त्या चॅसिसवर चार माणसे बसवणे धोक्याचे होते. ते काम तिथेच थांबले.

म्हणून गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घ्यावी आणि खालून पाहावे. चॅसिसचे दांडे, क्रॉस मेंबर, सस्पेंशन जिथे बसते त्या जागा, पुढच्या शॉकअपच्या वरच्या बैठका, दारांखालचे पट्टे, जॅक लावायच्या जागा, फ्लोअर, ब्रेकचे लोखंडी पाइप आणि इंधन टाकीचे पट्टे या ठिकाणी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकावे. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला पत्रा बद्द आवाज करतो. जिथे अंडरकोट जाड दिसतो तिथे जास्त लक्ष द्यावे, कारण त्याखाली गंज झाकलेला असू शकतो. बाहेरच्या पत्र्यावर लोहचुंबक फिरवावा; जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. आतले मॅट उचलून फ्लोअर ओला आहे का ते पाहावे. पावसाळ्यात दारांची निचऱ्याची भोके पाल्याने बुजतात आणि पाणी आतच मुरते.

फ्लोअर, दाराचा खालचा भाग, सायलेन्सर येथील गंज वेल्डिंगने आणि पत्रा बदलून सुधारतो. सस्पेंशनच्या बैठकी, चॅसिसचा दांडा किंवा स्टिअरिंग जोडलेल्या जागेजवळ कुजलेला पत्रा असेल, तर तिथे ठिगळ लावून भागवू नये. अशा गाडीवर इंजिनाचा खर्च करू नये असे मी स्पष्ट सांगेन. आमची गाडी कौलारू शेडमध्ये असायची आणि दर पावसाळ्यानंतर खालून गोड्या पाण्याने धुतली जायची. तिचा चॅसिस कोरडा, खणखणीत निघाला, आणि दुरुस्तीच्या बाजूने पहिला कौल त्यामुळेच पडला.

७. कागदांचे उरलेले आयुष्य मोजा

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर ती दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण करून मिळते. अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो आणि गाडी आरटीओत तपासणीसाठी न्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील खासगी चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले. उशीर झाल्यास दर महिन्याला ५०० रुपये वाढतात. २०२५ च्या सुधारणेनंतर २० वर्षांवरील चारचाकीला १०,००० रुपये लागतात. याशिवाय महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर आहे. थकलेली ई-चलने आणि बँकेचा बोजाही आधीच पाहून घ्यावा.

पीयूसी हा या विषयातला खरा अडसर आहे. बीएस-४ च्या आधीच्या प्रदूषण मानकांच्या गाड्यांना प्रमाणपत्र ६ महिन्यांसाठीच मिळते, बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना १ वर्षासाठी. ऑइल जळणाऱ्या पेट्रोल गाडीत हायड्रोकार्बनचे प्रमाण वाढते. शिवाय ऑइलमधल्या जस्त आणि फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (बाहेर पडणारा धूर शुद्ध करणारा भाग) हळूहळू निकामी होतो, त्यामुळे इंजिन दुरुस्त केल्यावरही कन्व्हर्टरचा खर्च उरू शकतो. गाडी प्रत्यक्ष न नेता प्रमाणपत्र मिळवून देणारे कोणी भेटले, तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. तो धूर बाजारपेठेच्या अरुंद रस्त्यावर आपल्याच मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या छातीत जातो.

८. अंदाजपत्रक लेखी आणि बाबनिहाय घ्या

“उघडल्यावर बघू” या शब्दांवर गाडी सोडू नये. उघडल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत हे खरे आहे, पण त्यासाठीही दोन रकमा मागता येतात : फक्त रिंगा व होनिंगवर (बोअर हलके घासण्यावर) भागले तर किती आणि बोअरिंग करून (बोअर मोठे करून) ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागले तर किती. त्यात पिस्टन-रिंग संच, बेअरिंग, गास्केट संच, व्हॉल्व्ह सील, लेथवरचे काम, ऑइल व फिल्टर, कूलंट, टायमिंग बेल्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली असावी. बोअर एकदा ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने मोठे केले की त्या मापाचेच पिस्टन लागतात, म्हणून जुन्या मॉडेलचे ओव्हरसाइज पिस्टन बाजारात मिळतात का, हे इंजिन उघडण्याआधी विचारावे. गाडी तीन महिने उघडी पडून राहण्याचे हे नेहमीचे कारण आहे. गुहागर-चिपळूणकडे मिळाले नाही तर आपल्याकडची मंडळी घाट चढून कोल्हापूरला जातात. तिथल्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनाच्या लेथकामाची मोठी परंपरा आहे, आणि आमचा ब्लॉकही तिथेच गेला.

दोन मोहांपासून सावध राहावे. पहिला मोह म्हणजे झिजलेल्या बोअरमध्ये फक्त नव्या रिंगा घालणे. बोअर वरच्या बाजूला अधिक झिजून निमुळता आणि अंडाकार झालेला असतो. गोल रिंग त्यात नीट बसत नाही आणि काही महिन्यांत धूर परततो. बोअर गेजने घेतलेली मापे दाखवल्याशिवाय हा पर्याय मान्य करू नये. दुसरा मोह म्हणजे जुने तयार इंजिन आणून बसवणे. ते पुरात बुडालेल्या गाडीचे असू शकते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा किती गाड्या बुडाल्या, हे इथल्या कोणाला सांगायला नको. शिवाय इंजिन क्रमांक बदलतो, त्यामुळे आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. मूळ बिल आणि कागद नसलेले इंजिन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

९. हिशेब मांडा आणि वाट निवडा

आमचा हिशेब असा होता. वर्षाला ६,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला १.२ लिटरच्या दराने ७.२ लिटर जादा ऑइल लागते. लिटरला ४०० रुपये धरले तर वर्षाचे २,८८० रुपये. इंजिनाचे अंदाजपत्रक ४५,००० रुपयांचे धरले, तर केवळ ऑइलच्या बचतीतून ते भरून निघायला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजे ऑइल वाचवण्यासाठी इंजिन करण्यात काही अर्थ नाही. इंजिन करायचे ते पीयूसीसाठी, वारंवार काळे पडणाऱ्या प्लगसाठी आणि रात्री घाटात अडकून पडू नये म्हणून. हे ध्यानात आले की निर्णय बराच सोपा होतो.

खप मध्यम असेल, पीयूसी प्रामाणिकपणे मिळत असेल आणि गाडी गावापुरती चालत असेल, तर दर आठवड्याला डिपस्टिक पाहून ऑइल भरत चालवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. ऑइलचा लाल दिवा लागण्याची वाट पाहू नये. तो पातळी कमी झाल्याचा नसून प्रेशर गेल्याचा असतो आणि तोपर्यंत बेअरिंगला इजा झालेली असू शकते.

अंग खणखणीत असेल, गाडी आणखी किमान पाच वर्षे वापरायची असेल, सुटे भाग मिळत असतील आणि इंजिनानंतर लगेच गिअरबॉक्स, एसी, सस्पेंशन असे दुसरे मोठे खर्च दिसत नसतील, तर इंजिन करावे. खर्चाची तुलना गाडीच्या विक्रीच्या किमतीशी करू नये, कारण अशा गाडीची किंमत जवळपास शून्यच असते. त्याच पैशात तुम्हाला जी जुनी गाडी मिळेल तिच्याशी तुलना करावी. तिचा इतिहास तुम्हाला ठाऊक नसतो, आपल्या गाडीचा असतो. विम्याकडून मात्र काही अपेक्षा ठेवू नये, नेहमीच्या पॉलिसीत झिजेची भरपाई नसते.

अंग कुजले असेल किंवा नोंदणीची मुदत संपत आली असून नूतनीकरण, कर, पत्र्याचे काम आणि इंजिन हे सगळे एकदम समोर उभे राहत असेल, तर गाडी मोडीत काढावी. ती रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला नुसती देऊन टाकू नये. नोंदणी रद्द होईपर्यंत त्या क्रमांकाची जबाबदारी तुमच्यावरच राहते. नोंदणीकृत वाहन मोडीत केंद्राला गाडी दिल्यास सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळते, आणि ते नवी गाडी घेताना करसवलतीसाठी वापरता येते. केंद्राच्या नियमांत खासगी गाडीसाठी ही सवलत कमाल २५ टक्क्यांपर्यंत आहे. राज्यात सध्या किती मिळते ते आपल्या आरटीओत विचारावे. मेहुण्यांनी हेच केले. गाडी टोइंग करून नेण्याचा खर्च भंगाराच्या रकमेतून वजा जातो, तो आधीच ठरवून घ्यावा.

१०. इंजिन करायचे ठरले तर

मे महिना आणि गणपतीच्या आधीचा पंधरवडा टाळावा. त्या दिवसांत गॅरेजमध्ये मुंबईहून आलेल्या गाड्यांची गर्दी असते आणि घाईत केलेले इंजिन टिकत नाही. दिवाळीनंतरचा काळ चांगला. ब्लॉक लेथवरून परत आला की जोडणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे, जुने पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग ताब्यात घ्यावीत आणि एअर फिल्टरची पेटी नीट बसते का ते डोळ्यांनी पाहावे. जांभ्याची तांबडी धूळ फिल्टरच्या कडेने आत जात राहिली, तर नव्या रिंगाही लवकर झिजतात. आमच्या फिल्टरच्या पेटीची एक क्लिप तुटलेली होती. इंजिन मुळात कशाने झिजले असावे, हे ती पाहिल्यावर आमच्या लक्षात आले. रेडिएटर आणि थर्मोस्टॅटही त्याच वेळी तपासून घ्यावेत.

पहिले १,००० किलोमीटर गाडी ना रेटावी, ना एका जागी उभी ठेवून तासन्तास चालू ठेवावी. वेग कमी-जास्त करत, मध्यम भाराने चालवल्यास रिंगा बोअरशी जुळतात. आंब्याच्या पेट्या भरून घाट चढणे या काळात टाळावे. ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान, मेकॅनिकने सांगितलेल्या टप्प्यावर, ऑइल आणि फिल्टर बदलावा. या काळात थोडे ऑइल कमी होणे अपेक्षित आहे, त्यामुळे लगेच घाबरून जाऊ नये, पण दर १०० किलोमीटरला डिपस्टिक पाहावी.

त्यानंतर पुन्हा पहिल्या टप्प्यातली वही काढावी आणि त्याच सपाट जागेवर ५०० किलोमीटरची नोंद घ्यावी. गॅरेजने कामाची हमी दिली असेल, तर तिची मुदत संपण्याआधी ही नोंद तुमच्या हातात असायला हवी. आमच्या वहीत इंजिन केल्यानंतरच्या तिसऱ्या नोंदीत ५०० किलोमीटरला ४० मिलिलिटर असा आकडा आहे. त्याच आठवड्यात पीयूसी मिळाली आणि गाडी नूतनीकरणाच्या तपासणीसाठी आरटीओत नेली.